आजचा शब्द

१० फेब्रुवारी, मंगळवार

छोटं ध्येय, छोटं ध्येय, छोटं ध्येय! वाचा बाबांची गेलीय, पण एका शब्दावर अडकलीय ती ही बाई!

बाबांना बोलायला शिकवणारी ताई आजपासून घरी यायला लागली. मी तिचं नाव शब्दवाली ठेवलंय. तोंडावर अर्थात ताई. पिशवीतून चित्रांचे पत्ते काढले – कप, चमचा, खुर्ची, कंगवा – आणि बाबांसमोर डाव मांडून बसली. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

मी विचारलं, "पूर्वीसारखे बोलतील ना?" तर म्हणते, "तो प्रश्नच नको. इतक्या लांबचं बघायचं नाही. रोज एक शब्द. छोटं ध्येय. जमलं की खूश व्हायचं आणि झोपायचं." आणि वर मलाच – "तुम्हीसुद्धा स्वतःसाठी एखादं ठेवा. घरच्यांनाही बरं पडतं."

मी नाकातल्या नाकात हसले. बाई गं, माझं ध्येय केवढं होतं ठाऊक आहे का तुला? सहा मजली होतं, लोखंडाचं होतं, आणि पाण्यावर तरंगत होतं! जहाजावर विजेची अधिकारी. कोर्स झाला, परीक्षा झाली, डॉक्टरी तपासणी झाली, तिकीटसुद्धा हातात आलं. आणि आठवडा उरलेला असताना बाबा आपल्या सलूनमध्ये, एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी करून झालेली असताना, खुर्चीचा दांडा धरून खाली बसले. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतात, आणि बोलणं गेलं. कळतं सगळं. डोकं शाबूत आहे. फक्त शब्द हाताला लागत नाहीत.

आणि शब्द जावेत तर कोणाचे? ज्याच्याकडे लोक केस कापायच्या निमित्ताने गप्पा मारायला यायचे, त्या माणसाचे! समोरच्या घड्याळाच्या दुकानातले टकलूकाका घ्या. डोक्यावर एक केस नाही, पण तीस वर्षं बाबांचं नेमाचं गिऱ्हाईक.

मी जहाज सोडलं. सोड असं कोणी म्हणालं नाही, सोडू नको असंही कोणी म्हणालं नाही. आई जाऊन खूप वर्षं झाली, भावंड नाही. आत्या – बाबांची मोठी बहीण – बॅग घेऊन आली ती राहिलीच. खाली सलूनचं शटर बंद, वर आम्ही तिघं. आणि मी आता लिफ्ट दुरुस्त करते. दिवसभर वरखाली, वरखाली. पुढे इंचभर नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

आजचं ध्येय: आत्यावर ओरडायचं नाही.

सकाळच्या चहाच्या आत निकाल लागला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

"काका, हे काय?" शब्दवालीने चमच्याचा पत्ता धरला. बाबा म्हणाले, "बसा."

"मी बसलेच आहे. हे काय?"

"बसा, बसा."

उभ्या जन्मात सगळ्यात जास्त वेळा बोललेला शब्द, तो तेवढा उरलाय. चमच्याला बसा, कपाला बसा, डॉक्टरलाही बसा. मग पत्ता डाव्या हातातून निसटला, आणि खणखणीत आवाजात काय आलं तर – शिवी! तीही जोडून! आत्याने कानांवर हात ठेवले. शब्दवाली मात्र खूश. म्हणे शिव्या, नमस्कार, आकडे, असलं पाठ झालेलं बोलणं डोक्यात वेगळ्या कप्प्यात असतं, ते वाचतं.

म्हटलं, वा! म्हणजे माझे बाबा लोकांना नमस्कार करून, बसवून, शिव्या देऊ शकतात. मला इतकं हसू आलं की थांबेना. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले. हेही लिहून ठेवते. कोण वाचणार आहे!

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आंघोळीच्या पाण्यात हात घालून बाबा म्हणाले, "गार." मी गरम ओतलं. "गार!" अजून ओतलं. "गाऽऽर!" – आणि पुढची शिवी थेट मला. पाणी चटके बसण्याइतकं तापलं होतं. माझाच हात भाजला, तेव्हा कळलं.

शब्दवाली संध्याकाळी समजावते – जोडीतले शब्द अदलाबदल होतात. गार-गरम, वर-खाली, आत-बाहेर. हवा असलेला शब्द सापडत नाही, शेजारचा हाताला लागतो.

"म्हणजे बाबा म्हणतील त्याच्या उलट समजायचं?"

"नेहमी नाही."

"मग कधी?"

"ते बघून ठरवायचं."

धन्य! म्हणजे पॅनेलमधल्या वायरी कधी उलट जोडलेल्या, कधी सुलट, आणि कुठली कशी ते शॉक बसल्यावर कळणार. असलं पॅनेल मी दुरुस्त करायला घेतलं असतं तर कामावरच्या मिस्त्रीने मला हाकलून दिलं असतं.

आत्याचं मत वेगळंच. "बाळ्या लहानपणापासून असाच. डावीकडे वळ म्हटलं की हा उजवीकडे." साठी उलटलेल्या माणसाला बाळ्या!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

लिफ्ट अकराव्या मजल्याच्या जरा खाली अडकलेली. आत एक बाई आणि तिचा कुत्रा. मिस्त्री वर मशीनरूममध्ये, मी दाराशी. बाई आतून विचारतेय, "किती वेळ?" मी म्हटलं, "पाच मिनिटं." आमच्या धंद्यात हेच सांगायचं असतं – पाच मिनिटं. बाहेर आल्यावर ती माझ्यावर ओरडली, कुत्रा मिस्त्रीवर.

"काय कप्तान, तुमचं जहाज बंदराला लागलं का?" मिस्त्रीने उतरताना विचारलं. कामाला लागले त्या दिवशी मूर्खासारखं त्याला जहाजाबद्दल सांगितलं होतं. तेव्हापासून मी कप्तान. रोज तोच विनोद, रोज तेच दात.

दुपारी डबा खाताना मशीनरूममध्ये जहाजाच्या विजेचं ते जाडं पुस्तक काढलं. एक पान वाचलं. जनरेटर बंद पडला तर दुसरा आपोआप कसा सुरू होतो त्याची आकृती. उद्या पुढचं पान. हे माझं छोटं ध्येय. शब्दवालीला सांगणार नाही, फुगून बसेल! आणि उपयोग काय, हेही स्वतःला विचारणार नाही. जहाज एकदा हातचं गेलं की परत कोण विचारतंय? माझ्यामागे रांग आहे मुलांची.

तरी एक पान.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आला! शब्द आला! खराखुरा, स्वतःचा, बसा सोडून!

शब्दवालीने आज पत्ते बाजूला ठेवले आणि नुसतं स्वतःचं बोट वर केलं. "काका, हे काय?" बाबा बघत राहिले. एकदम काहीतरी आठवल्यासारखे ताठ झाले. ओठ हलले. कपाळाला घाम. आणि मग – "बोट."

"काय? पुन्हा?"

"बोट!"

शब्दवालीने टाळ्या वाजवल्या. आत्याच्या डोळ्यांना पदर. बाबांनी डावा हात उचलून माझ्यावर बोट रोखलं आणि पुन्हा म्हणाले, "बोट."

"बघा, वापरूनसुद्धा दाखवलं!" शब्दवाली म्हणाली.

मी जिना धडधडत उतरून टकलूकाकांना सांगून आले. ते म्हणाले, "बोटापासून सुरुवात? छान! महिन्याभरात कोपरापर्यंत पोचेल." पण बोलताना भिंग डोळ्याला लावून उगाच एका बंद घड्याळात बघत बसले.

आज मात्र मीही खूश होऊन झोपणार. शब्दवाली, तू जिंकलीस.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून बोट, बोट, बोट. माझ्याकडे बघून बोट. मी दुसऱ्या खोलीत गेले तर हाक मारून बोट.

आत्या म्हणाली, "दुखत असणार." एकेक करून सगळी बोटं तपासली, दाबली, वाकवून बघितली. नखं कापली. मलम चोळलं. वर पट्टी बांधली. बाबांनी ती दातांनी ओढून काढली आणि टेबलावर मूठ आपटली. "बोट!"

"हो रे बाळ्या, बोटच आहे. शहाणा माझा!"

बाबांनी शहाण्याला न शोभणारी शिवी दिली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. संध्याकाळी जेवलेही नाहीत.

कालचा आनंद एक दिवस टिकला नाही. एक शब्द मिळवायचा, आणि मग त्याच शब्दाने डोकं उठवून घ्यायचं! खूश कोणी व्हायचं, कधी व्हायचं? मला काही कळेनासं झालंय.

२ मार्च, सोमवार

शब्दवालीची नवी युक्ती. मी कामावर निघताना दारात "येते, बाबा" म्हणते. पूर्वीपासूनची सवय. त्यावर बाबांनी फक्त "ये" म्हणायचं. पूर्वी म्हणायचेच की – गिऱ्हाइकाच्या गालावरून नजर न काढता. म्हणजे पाठ झालेलं बोलणं, वाचलेल्या कप्प्यातलं. शिवाय एकच अक्षर. "याहून छोटं ध्येय मला सापडलं नाही," असं ती कालच म्हणाली होती.

तर आज सकाळी बूट घातले, हत्यारांची पिशवी खांद्याला, दारात उभी राहिले. आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत आलेली.

"येते, बाबा."

बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं. अगदी नीट. आणि स्पष्ट म्हणाले, "जा."

आत्या किंचाळलीच! "अरे, जा काय म्हणतोस पोरीला! घरातून निघालेल्या माणसाला जा म्हणतात का कधी?" मला हाताला धरून आत आणलं, खुर्चीत बसवलं, पाणी प्यायला लावलं, दोन मिनिटं थांबवलं, आणि पुन्हा निघायला लावलं.

"येते, बाबा."

"जा."

बस चुकली. मिस्त्रीची बोलणी खाल्ली. शब्दवालीला फोन केला तर ती शांत – "ये आणि जा, जोडीतलेच शब्द. गार-गरमसारखं. चिकाटी ठेवा." चिकाटी! माझ्याकडे दुसरं आहे काय?

६ मार्च, शुक्रवार

जा.

(आजही. तीन वेळा.)

११ मार्च, बुधवार

गार-गरम सुटलं. आज बाबा चहाला "गरम" म्हणाले, आणि तो गरमच होता. वर-खाली सुटलं. "पाणी" येतं, "नको" तर फारच छान येतं. शब्दवाली म्हणते, वेग चांगला आहे. सगळं मान्य. पण ये-जा काही सुटत नाही. एक अक्षर! बसाला दोन आहेत, बोटालाही दोन!

आज माझा तोल गेला. "बाबा, ये! ये म्हणा! माझ्या तोंडाकडे बघा – ये, ये, ये!" असं त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडले. शेजारी ऐकू गेलं असेल. बाबा डोळे मिटून बसले. मग हळूच डावा हात माझ्या गालावर ठेवला. गिऱ्हाइकाचं तोंड आरशाकडे वळवायचे ना, तसं माझं तोंड दाराकडे वळवलं. "जा."

मला वाटलं, मी घरात नकोशी झालेय. रोज ओरडणारी, आंघोळ घालणारी, नखं कापणारी मुलगी कोणाला हवी असते? त्यांची लाज मी रोज बघते, म्हणून राग असेल. हे दिवसभर मनात कुरतडत राहिलं. दोन लिफ्टचे दरवाजे बसवले आणि दोन्ही पुन्हा काढून बसवावे लागले.

१७ मार्च, मंगळवार

लिफ्टच्या टपावर उभी होते, सातव्या आणि आठव्याच्या मध्ये, दोराला तेल लावत. फोन वाजला. जहाजाच्या कंपनीतला माणूस.

"तुम्ही मागे रुजू होणार होतात. एक जागा अचानक रिकामी झालीय. विजेची कनिष्ठ अधिकारी, सहा महिने. एप्रिलमध्ये निघायचं. येताय?"

माझ्या तोंडून आधी उत्तर गेलं, मग डोक्यात प्रश्न शिरला. "वडील आजारी आहेत. नाही जमणार."

"महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो. विचार करा."

"केलाय," म्हटलं आणि ठेवला.

पाना सुटला आणि खालपर्यंत आपटत गेला. मिस्त्री वरून ओरडला, "जिवंत आहेस ना?" म्हटलं, हो.

घरी सांगितलं नाही. सांगून काय करायचं? आत्या रडेल, बाबा बोट म्हणतील.

१८ मार्च, बुधवार

मिस्त्रीने सगळं ऐकलंय! "शाफ्टमध्ये बोललेलं सगळ्या मजल्यांना ऐकू जातं, कप्तान."

"मग?"

"मग काही नाही. जायचं नाही असं कोण म्हणालं? बाबा की तू?"

"बाबांना बोलता येत नाही!"

"मी ते विचारलं नाही."

कालचा पाना हातात असता तर फेकूनच मारला असता. म्हणे मी ते विचारलं नाही! स्वतः कधी या इमारतींच्या पलीकडे गेला नाही, आणि मला समुद्राचे सल्ले!

पण दिवसभर तेच डोक्यात. खरं लिहायचं तर – नाही म्हणाले तेव्हा क्षणभर बरं वाटलं. सुटल्यासारखं. इतके महिने मी म्हणत होते की दार बाहेरून बंद आहे. काल ते कोणीतरी उघडलं, तर मीच पुढे होऊन लावून घेतलं. जहाजावरचं सगळं बंद पडलं आणि मला सुरू करता आलं नाही तर? तिथे मिस्त्री नाही वरून ओरडायला. इथे कसं, रोज एक शब्द, रोज एक पान, रोज एक लिफ्ट. संध्याकाळी म्हणायचं, झालं बाई आजचं. छोटी ध्येयं फार सोयीची असतात. त्यांच्यामागे आख्खं माणूस लपतं.

आज पान वाचलं नाही. पुस्तकाचाच राग आला.

२० मार्च, शुक्रवार

शब्दवाली म्हणाली, "ये बाजूला ठेवू या. दुसरे शब्द छान येतायत. पाठ बोलणं असून हे का अडतंय, मलाही कोडंच आहे."

मी म्हटलं, नाही. ये आल्याशिवाय दुसरा शब्द नाही.

"हे आता काकांचं ध्येय राहिलं नाही. तुमचं झालंय."

असू दे! मी यांच्यासाठी काय सोडलंय ते यांना माहीत नाही, निदान एक अक्षर तरी मिळू दे मला! तोंडावर बोलले नाही. पण चहाचा कप जरा जोरात ठेवला. बशीला तडा गेला.

२४ मार्च, मंगळवार



आज इमारतीची वीजच बंद होती, त्यामुळे दुपारीच सोडलं. जिना चढत होते. वर आमचं दार उघडं. टकलूकाका बाबांना भेटून निघत होते. आवाज ऐकला.

"येतो रे."

आणि बाबा म्हणाले, "ये."

मी जिन्यात जागच्या जागी उभी. काका म्हणाले, "उद्या जरा उशीर होईल." बाबा म्हणाले, "उद्या... ये." दोन शब्द! सुलट! एका पाठोपाठ एक! काका माझ्या बाजूने उतरून गेले, काहीतरी म्हणाले, मला ऐकूही आलं नाही.

मी तशीच बूट घालून आत. आत्या दळण टाकायला गेलेली, बाबा खिडकीपाशी खुर्चीत. "येतं! तुम्हाला ये येतं! कधीपासून येतं?" बाबांनी काठी जवळ ओढली. "त्या टकल्याला ये, आणि मला जा? मी काय केलंय तुमचं? तुमच्यासाठी मी माझं जहाज –" आणि तिथे थांबले. सहा महिने हे वाक्य घशात अडवून ठेवलं होतं. ते शेवटी बाहेर पडलंच.

बाबांनी काठी टेकली. उठायला मी हात दिला तर झटकला. स्वतः उठले. डावा हात उचलून माझ्या छातीवर बोट टेकवलं.

"बोट," म्हणाले.

मग दाराकडे हात केला.

"जा."

मग धाप लागली म्हणून थांबले, आणि पुन्हा, एकेक शब्द ढकलत – "तू. बोट. जा."

अरे देवा! बोट!

मी कोर्सला असताना रोज चिडायचे. "बाबा, बोट काय म्हणता? बोट तळ्यात असते. जहाज म्हणा, जहाज!" आणि ते गिऱ्हाइकांना मुद्दाम सांगायचे, "आमची पोरगी बोटीवर साहेब होणार." बाबांच्या तोंडात जहाज हा शब्द कधी बसलाच नाही. आणि इतका घाम गाळून पहिला शब्द मिळवला तो हा. माझ्यावर बोट रोखून, मोठ्याने, पुन्हा पुन्हा. आणि आम्ही काय केलं? मलम लावलं! नखं कापली!

मी खाली बसले, जमिनीवरच. कंपनीचा फोन आला होता ते सांगून टाकलं. नाही म्हटल्याचंही. बाबांनी एवढ्या मोठ्याने शिवी दिली की दळणाचा डबा घेऊन आत्या पळतच वर आली.

२५ मार्च, बुधवार

रागावलेलीच आहे. बाबांवर – असं कोडं कोणी घालतं का! शब्दवालीवर, आत्यावर, सगळ्यात जास्त माझ्यावर. शब्दवाली म्हणाली होती, बघून ठरवायचं. मी बघितलंच नाही. बाबांच्या प्रत्येक शब्दाचा अर्थ मी माझ्या सोयीने लावत गेले.

आत्याला सांगितलं तर तिने सुरुवात केली – समुद्र, वादळं, सगळे पुरुष, लग्नाचं वय, बाळ्याला कोण बघणार, लोक काय म्हणतील. बाबा म्हणाले, "बसा."

आत्या बसली. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "सहा महिनेच ना? इथे मी काय शोभेला आहे का? आंघोळीला तो टकल्या येईल. तसाही दिवसभर घड्याळं सोडून इथेच पडलेला असतो."

कंपनीला फोन केला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा कोणीतरी उचलून धरायला सांगितलं आणि विसरून गेलं. शेवटी तो माणूस आला. जागा आहे म्हणाला, पण आधी साहेब प्रश्न विचारतील. लगेच, फोनवरच. जनरेटर बंद पडला तर काय करायचं, हा पहिलाच प्रश्न. सांगितलं. गडबडले, पण सांगितलं. दोन प्रश्नांची उत्तरं आली नाहीत. "ते आम्ही शिकवू," साहेब म्हणाले.

फोन ठेवला आणि ते जाडं पुस्तक काढून दोन्ही उत्तरं शोधत बसले.

२९ मार्च, रविवार

पुन्हा डॉक्टरी तपासणी, पुन्हा फोटो, पुन्हा शिक्के. एका खिडकीवरून दुसरीवर. जहाजावर चढणं सोपं असावं, तिथपर्यंत पोचणंच अवघड.

मिस्त्रीला सांगितलं. कप्तान म्हणाला नाही. पहिल्यांदा. त्याचा चांगला पाना दिला आणि म्हणाला, "हा खाली टाकू नको, समुद्रात परत मिळत नाही."

सकाळी अजूनही तेच चालू आहे. मी "येते, बाबा" म्हणते, ते "जा" म्हणतात. आता मीही ऐकवते, "जातेय, जातेय, तिकीट तर येऊ द्या!" आत्या कानांवर हात ठेवते. शब्दवालीने नवीन शब्द घेतलाय – "फोन". दर रविवारी जहाजावरून फोन करीन तेव्हा लागेल म्हणून.

भीती गेलेली नाही. रोज थोडी वाढतेच आहे. जाणार मात्र आहे.

९ एप्रिल, गुरुवार

विमानतळावर बसून लिहितेय. गाडी खाली उभी होती. आत्या रडून घेऊन पुन्हा रडत होती. टकलूकाका बॅग घेऊन जिना उतरले. बाबा काठी टेकत दारापर्यंत आले. म्हटलं, चला, जाता जाता ऐकून घेऊ ते.

"येते, बाबा."

बराच वेळ लागला त्यांना.

"ये."